शाळेच्या वेळापत्रकात नारळाला जागा द्या

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



रत्नागिरीतून पावसच्या रस्त्याला लागले की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल येतो आणि पूल ओलांडला की आमचे भाट्ये सुरू होते. बाहेरचे लोक गावाला ओळखतात ते सुरूचे बन, सरळ लांब किनारा आणि झरी विनायकाचे देऊळ यांमुळे. शेतकऱ्याला मात्र भाट्ये म्हटले की नारळाची रोपे आठवतात. प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र इथे १९५५ पासून आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चे, म्हणजे हे केंद्र ज्या विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते त्याहूनही वयाने मोठे आहे. 'प्रताप' ही नारळाची जात इथली. 'कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड १' या संकरित जातीच्या तर नावातच गाव आहे. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस लावून एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने काढायची 'लाखी बाग' या केंद्राने उभी करून दाखवली.

शाळांच्या सहली भाट्याला येतात. मुले वाळूत खेळतात, शहाळी पितात, एखादी शाळा केंद्रातही फिरवून आणते. मग मुले वर्गात परततात आणि विज्ञानाच्या पुस्तकातले पुढचे पान उघडतात. त्या पानावर नारळ नसतो. ज्या गोष्टीवर घरातली चूल चालते आणि गावातले चार पैसे फिरतात, तिचे शास्त्र दहावी होईपर्यंत कोकणातल्या मुलाच्या वाट्याला येत नाही. म्हणून हे पत्र. आठवी ते दहावीच्या वर्गांत अन्नविज्ञान आणि अन्नतंत्रज्ञान हा हाताने करायचा, मोजून करायचा आणि वहीत नोंदवायचा विषय सुरू करावा, आणि आमच्या जिल्ह्यात त्याचा श्रीगणेशा नारळापासून व्हावा, ही माझी विनंती आहे.

या विषयात काय शिकवायचे, असे कोणी विचारले तर मी एकच प्रश्न पुढे ठेवीन. कोकमाचे सरबत बाटलीत महिनोन् महिने टिकते, मग नारळाचे दूध दुपारपर्यंतसुद्धा का टिकत नाही? दोन्ही आपल्याच स्वयंपाकघरातले, दोन्ही एकाच सोलकढीत एकत्र येणारे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालेले मूल अन्नतंत्रज्ञानाच्या जवळजवळ सगळ्या दारांवरून जाते.

पहिले दार आम्लतेचे. कोकम कमालीचे आंबट. नारळाचे दूध जवळजवळ उदासीन, त्याचा सामू सहाच्या आसपास. सामू ४.६ ही अन्न टिकवणाऱ्यांच्या जगातली मोठी सीमारेषा आहे. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट पदार्थात, बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. त्याच्या वर, हवाबंद बाटलीत, वाढू शकतात. म्हणून कोकम, कैरी, लिंबू यांची सरबते घरच्या पातेल्यात उकळून भरता येतात, पण नारळाचे दूध डब्यात टिकवायचे तर दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. साध्या पातेल्यात पाणी शंभरच्या पुढे जात नाही. दाब वाढला की उकळण्याचा अंश वाढतो, हे मूल भौतिकशास्त्रात शिकते आणि घरी आईच्या कुकरची शिट्टी रोज ऐकते. या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरे दार साखर-मिठाचे आणि पाण्याचे. सरबतातली साखर, आगळातले (कोकमाच्या खारवलेल्या रसातले) मीठ जिवाणूंना लागणारे पाणी बांधून ठेवते. तिसरे दार उष्णतेचे: नारळाचे दूध गॅसवर ठेवून नुसते ढवळत राहिले आणि उष्णतामापी बुडवून पाहिला, तर ऐंशी अंशांच्या आसपास ते फुटू लागते, कारण त्यातली प्रथिने गोठतात. चौथे दार सोलकढीचे. आगळ थेंबाथेंबाने घालत गेले आणि दर वेळी सामूपट्टी बुडवून पाहिली, की एका टप्प्यावर दुधात बारीक कण धरू लागतात. नारळाच्या प्रथिनांना सामू चारच्या आसपासचा आंबटपणा मानवत नाही, ती एकमेकांना चिकटतात. 'आगळ जास्त झालं, कढी फुटली' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. त्या फुटण्याला एक आकडा आहे आणि तो आपल्याला स्वतःला काढता येतो, हे कळल्यावर त्या मुलाचा विज्ञानाशी संबंधच बदलतो. हा एक तास आहे. त्याला लागते काय? एक नारळ, वाटीभर आगळ, सामूपट्ट्या, उष्णतामापी आणि वही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत यातले बरेचसे आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण ती पुस्तके करणाऱ्यांवर अन्याय व्हायला नको. नववीच्या विज्ञानात आम्ल, आम्लारी आणि क्षार आहेत, उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव आहेत. दहावीच्या दुसऱ्या भागात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकरणात दही, चीज, व्हिनेगर कसे होते ते आहे. मजकूर आहे, पण पातेले नाही. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

माझ्या शेजारच्या काकू दर मे महिन्यात आमसुले करतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायची, बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात टाकायच्या. गराच्या रसात मीठ घालून त्यात सुकल्या साली बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी पाच-सहा पुटे देत जायचे. साल काळपट, मऊ आणि चिवट झाली, दोन बोटांत दाबल्यावर ओल लागली नाही, की ती बरणीत जाते. बियांचे तेल निघते, ते थंडीत भेगांना लावतात. या सगळ्यात काकूंचा अंदाज चुकत नाही. साली पसरायला त्यांचा नववीतला नातू मदतीला असतो. आम्ल निळा लिटमस तांबडा करते, हे त्याला पाठ आहे. समोरच्या परातीतला लाल रस हाच एक दर्शक आहे, त्यात खाण्याचा सोडा टाकला तर रंग पालटतो, हे त्याला ठाऊक नाही. काकूंच्या बोटांना जे कळते ते त्याच्या वहीत आकड्यांनी उतरले, तर दोघांचेही ज्ञान वाढेल. पाऊस लवकर आला आणि शेवटची दोन पुटे राहिली, तर आमसुलांना बुरशी का धरते, याचे उत्तर काकूंना अनुभवातून माहीत आहे. नातवाला ते कारणासहित माहीत व्हावे आणि त्यावर इलाजही सुचावा.

इथे कोकणची एक अडचण आहे, मंत्रिमहोदय, आणि ती मुंबईत बसून आखलेल्या वेळापत्रकाला दिसत नाही. आमचा कच्चा माल एप्रिल-मे मध्ये येतो. हापूस, काजू, फणस, रातांबे, करवंदे, जांभळे, सगळे एकदम. त्याच वेळी परीक्षा संपून शाळा बंद होते. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा आंबा उतरलेला असतो, उरलेला कॅनिंगला गेलेला असतो आणि वाळवण घालायला ऊनच नसते. त्यामुळे आंबापोळी, फणसपोळी, आमसूल यांच्यावर शाळेत प्रयोग घ्यायचे तर घ्यायचे कधी? राज्यभर एकच अभ्यासक्रम पाठवला आणि त्यात 'हंगामी फळांचे प्रक्रियाकरण' असे प्रकरण घातले, तर आमच्या शाळांत ते फळ्यावरच राहील.

नारळ मात्र बारमाही आहे. झाडाला पेंड धरत राहते, घड उतरत राहतात. जूनमध्ये आहे, दिवाळीत आहे, फेब्रुवारीत आहे. म्हणून सुरुवात नारळापासून करा, असे मी म्हणतो. शाळेचे वर्ष त्याच्याभोवती बांधता येते. पावसाळ्यात खोबरे सुकवण्याचा प्रयोग घ्यावा, कारण तेव्हाच तो सर्वांत अवघड असतो. ओल्या खोबऱ्यात साधारण निम्मे पाणी असते आणि नीट टिकायचे तर ते सहा टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागते. एक किलो ओल्या खोबऱ्याचे वजन किती उरले म्हणजे ते सुकले समजावे? पाचशे ग्रॅम कोरडा अंश हा चौऱ्याण्णव टक्के झाला पाहिजे, म्हणजे सुमारे ५३२ ग्रॅम. हे शेकडेवारीचे गणित आहे, पण मूल ते रोज काट्यावर वजन करून सोडवते. एक वाटा चुलीवरच्या माळ्यावर, एक साध्या सौर वाळवणीपेटीत, एक पडवीत. आठवड्याने कुठला वाटा ५३२ वर आला, कुठल्यावर बुरशी आली, ती कुठल्या रंगाची आली, सगळे वहीत. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते साल खरवडून जात नाही, म्हणून बुरसट खोबरे साफ करून वापरू नये, हा धडा त्या वर्गातून पंचवीस घरांत पोचतो.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. घरोघरी नारळीभात आणि वड्या होतात. वडी कधी चिकट राहते, कधी खुटखुटीत होते, कधी दगड. एकतारी पाक, दोनतारी पाक हे शब्द पाण्याचे प्रमाण सांगतात. पाणी कमी होत जाते तसा पाकाचा उकळण्याचा अंश शंभराच्या वर चढत जातो. उष्णतामापी लावून दोन-दोन अंशांच्या फरकाने चार घाण्यांच्या वड्या कराव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत, डोळे बांधून वर्गाला चाखायला द्याव्यात आणि कुठल्या क्रमांकाला किती गुण मिळाले ते मांडावे. अन्नाच्या कारखान्यांत चाखणाऱ्यांची पथके असतात आणि ती नेमके हेच करतात. थंडीत, कोरड्या हवेत, नारळाच्या पाण्याचे व्हिनेगर करता येईल. मसाल्यासाठी खोबरे काढताना पिकल्या नारळाचे पाणी बहुधा मोरीत जाते. त्यात साखर आणि यीस्ट घालून आधी आंबवायचे आणि मग हवेशी संपर्क ठेवून दुसऱ्या जिवाणूंच्या हवाली करायचे. दहावीच्या पुस्तकातले ते दोन परिच्छेद बाटलीत घडताना दिसतील. फिलिपाइन्समध्ये १९४९ साली एका महिला रसायनशास्त्रज्ञाने असेच वाया जाणारे नारळपाणी घेऊन, जिवाणूंच्या मदतीने त्याची जेलीसारखी साय बनवली. 'नाटा दे कोको' नावाने ती आज जगभर विकली जाते. नवे काही शोधणे म्हणजे काय, हे मुलांना सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण मला सापडत नाही. त्यांना फेकून दिल्या जाणाऱ्या वस्तूकडे बघायला शिकवा. आमच्याकडे अशा वस्तू कमी नाहीत. काजूची बी काढली की बोंडू बागेत कुजतात. जायफळ आणि जायपत्री काढली की वरचे जाड टरफल टाकून देतात, त्याचे लोणचे आणि कँडी होते हे अनेकांना माहीतही नाही. किनाऱ्यावर शहाळ्यांच्या सालींचे ढीग पडतात.

आपल्या राज्याला हे काम नवीन नाही. उलट, तंत्रज्ञान शाळेत आणण्याचा देशातला एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि तो करणारा माणूस मुळात अन्नतंत्रज्ञ होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केले आणि ते सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग, आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवा द्यायच्या. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९८७ मध्ये या विषयाला मान्यता दिली. शाळांमध्ये तो 'आयबीटी' या नावाने ओळखला गेला. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या रचनेतून वेल्डिंग करणारी, वीजजोडणी करणारी, माती परीक्षण करणारी मुले तयार झाली. अन्नाचा भाग मात्र गृह-आरोग्याच्या एका कोपऱ्यात राहिला. ज्या जिल्ह्यात कारखाने आहेत तिथे ते चालूनही जाईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे बागायत आणि मासळी हाच मुख्य धंदा, तिथे अन्न हा मुख्य विभाग असायला हवा. कलबागांची चौकट तयार आहे. तिच्यातला एक खण आमच्यासाठी मोठा करा, एवढेच मागणे आहे.

धोरणाची तर आता पूर्ण अनुकूलता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांबरोबर घालवायला सांगितले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व्यावसायिक शिक्षणाला इतर विषयांच्या पंगतीला बसवले. पण अशा गोष्टींचे आपल्याकडे काय होते, हे कार्यानुभवाने आधीच दाखवले आहे. कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे कितीतरी शाळांत तो खडू आणि मेणबत्त्या करण्याचा तास झाला, आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या शिक्षकांना देण्याचा तास झाला. अन्नतंत्रज्ञानाचा तास सरबताच्या पाककृतीचा तास झाला, तर तोही असाच संपेल. पाककृती घरी शिकता येते, फोनवर बघता येते. शाळेने मोजायला शिकवावे: वजन, तापमान, सामू, साखरेचे प्रमाण, टिकण्याचा कालावधी. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला शिकवावे. गुण द्यायचे ते बरणी कशी दिसते यावर देऊ नयेत, नोंदवहीवर द्यावेत. फसलेल्या घाण्याची कारणे नीट लिहिणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

इंग्लंडचा अनुभव याबाबत बघण्यासारखा आहे. तिथे १९९० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात अन्न हा विषय 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या मोठ्या विषयाचा भाग झाला. पुढे टीका होऊ लागली की मुले पिझ्झ्याच्या खोक्याचे चित्र काढतात, बाजारपाहणीचे तक्ते भरतात, पण पीठ मळत नाहीत. शेवटी २०१४ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्रत्यक्ष स्वयंपाक आणि पोषण अभ्यासक्रमात घातले गेले, २०१६ मध्ये माध्यमिक परीक्षेचा विषय 'अन्न बनवणे आणि पोषण' असा नव्याने आखला गेला, पण त्यातच बारावीच्या पातळीवरचा अन्नतंत्रज्ञानाचा विषय बंद पडला. म्हणजे एकदा पातेले सुटले आणि पुन्हा हातात घेताना तंत्रज्ञान सुटले. आपण दोन्ही एकत्र धरू शकतो, कारण आपल्याकडे अजून घरोघरी नारळ खवला जातो आणि त्याच घरातले मूल विज्ञान शिकते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. या विषयाला उद्योजक घडवण्याचा कारखाना करू नका. अलीकडे शाळेतल्या प्रत्येक नव्या गोष्टीला 'स्टार्टअप'चे शेपूट लावले जाते. तेरा वर्षांच्या मुलाने ब्रँडचे नाव आणि लेबल काय करायचे आहे? त्याने शाळेत केलेले सरबत विकायला उभे राहू नये. विकायचे तर अन्नसुरक्षा कायदा २००६ चा परवाना, स्वच्छतेचे नियम हे सगळे आले, आणि ते शिकायचे वय पुढचे आहे. कोकमाला २०१६ मध्ये आणि हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा फायदा घ्यायला पुढे ज्यांना व्यवसाय करायचा आहे ते करतील. पण जे मुंबईला नोकरीला जातील, ज्या मुली लग्न होऊन पुण्याला जातील, जे इथेच बाग राखतील, त्या सगळ्यांना डब्यावरचे लेबल वाचता आले पाहिजे, फसव्या जाहिरातीतला 'नैसर्गिक' हा शब्द तपासता आला पाहिजे, उरलेला भात कधी खावा आणि कधी टाकावा हे कारणासकट कळले पाहिजे. आणि हा विषय मुलगे-मुली दोघांनाही असू द्या. मुलींना गृहशास्त्र आणि मुलग्यांना तांत्रिक, ही वाटणी फार वर्षे चालली. आमच्या गावात आंबा कॅनिंगला नेणारे पुरुष असतात आणि रस आटवणाऱ्या बायका. दोघांनाही एकमेकांचे काम शास्त्रासकट यायला हवे.

जागा आणि माणसे कुठून आणायची, हा आपल्या खात्याचा पहिला प्रश्न असेल. पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या अनुदानित शाळांत पोषण आहाराचे स्वयंपाकघर आधीच आहे. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, डाळ, भाजी, हे हिशेब तिथे रोज होतात. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. त्या सहीच्या शेजारी आठवीच्या मुलांना रोज खिचडीचे तापमान लिहू द्या. पातेले उतरवताना किती आणि शेवटच्या ताटात वाढताना किती, एवढेच दोन आकडे. ६० अंशांच्या खाली फार वेळ राहिलेले अन्न का धोक्याचे, हे महिन्याभरात त्यांना कळेल आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही त्याचा उपयोग होईल. त्या मावशींना या विषयाच्या सहशिक्षिका म्हणून मानधन द्या. खवणी आणि चूल यांची जाण विज्ञानाच्या शिक्षकापेक्षा त्यांच्याकडे अधिक असते.

शिक्षकांना शिकवणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. भाट्याचे केंद्र आहे. मासळीसाठी शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे आणि मासे टिकवण्याचे, प्रक्रिया करण्याचे शास्त्र तिथे शिकवले जाते. भाट्याच्या खाडीतून बायका मुळे (शिंपले) काढून आणतात आणि शिजवण्याआधी पाण्यात ठेवतात, म्हणजे ते आतली वाळू बाहेर टाकतात. किती तास ठेवावे, खाडीचेच पाणी का लागते, खाडीत सांडपाणी मिसळत असेल तर नुसती वाळू गेल्याने शिंपला खाण्यालायक होतो का, हे प्रश्न त्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी दहावीच्या मुलांबरोबर बसून सोडवावेत. शेजारच्या रायगड जिल्ह्यात किल्ला-रोह्याला काढणीपश्चात व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था दापोलीच्याच कृषी विद्यापीठाची आहे. या सगळ्यांच्या आणि माध्यमिक शाळांच्या मध्ये दोन खात्यांची भिंत आहे. कृषी खाते वेगळे, शालेय शिक्षण वेगळे. ती भिंत एका शासन निर्णयाने ओलांडता येईल, आणि ते आपल्या हातात आहे. शिकवणाऱ्यांना कंत्राटावर ठेवून त्यांचे मानधन रखडवू नका, एवढी त्यात अट घाला. पगाराची खात्री नसलेला माणूस मुलांना प्रयोगातला धीर काय शिकवणार?

साहित्य फार महाग नाही. अचूक काटा, उष्णतामापी, सामूपट्ट्या, साखरेचे प्रमाण दाखवणारा मुठीत मावेल असा रिफ्रॅक्टोमीटर, एक सौर वाळवणीपेटी, एक कुकर. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत खाण्याचे पदार्थ करू नयेत, कारण तिथल्या टेबलांवर रसायने सांडलेली असतात; म्हणून वेगळी खोली किंवा पोषण आहाराचे स्वयंपाकघरच वापरावे, हा नियम मात्र काटेकोर ठेवावा.

माझी मागणी मोठी नाही. येत्या जूनपासून रत्नागिरी तालुक्यातल्या ज्या माध्यमिक शाळा तयार असतील त्यांना आठवीपासून आठवड्याचे सलग तीन तास या विषयासाठी द्या. भाट्याच्या केंद्राला त्या शाळांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायला सांगा. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर शाळा बंद होण्याआधीचा एक आठवडा आंबा, काजू, फणस आणि रातांब्यांसाठी राखून ठेवायची मुभा कोकणातल्या शाळांना द्या. दहावीच्या गुणपत्रिकेत या विषयाचे गुण इतर विषयांसारखेच धरले जावेत, नाहीतर पालक मुलांना तिथे बसू देणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल. तीन वर्षांनी त्या मुलांच्या नोंदवह्या मागवून घ्या, स्वतः वाचा आणि मगच राज्यभर न्यायचे की नाही ते ठरवा. जून महिना फार लांब नाही. शासन निर्णय निघाला, तर नारळ पुरवण्याची जबाबदारी आम्ही भाट्याचे बागायतदार घेतो.

आपला नम्र,
भाट्ये येथील एक नारळ बागायतदार
ता. जि. रत्नागिरी